खिडकीखालचा कागद

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. ज्या भिंतीच्या पलीकडे कापडाचे चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, चालत होते, त्या भिंतीवर मी काचेचं शोकेस ठोकून घेतलं. नुसती दारं काचेची नव्हेत, आतल्या फळ्यासुद्धा काचेच्या. आणि त्या फळ्यांवर सरबताचे सहा पेले, एक मोर आणि दोन बदकं, तीही काचेचीच.

गावात नवीन आलेल्या बाईला हे माफ होतं. पण निजामपुऱ्याच्या मागच्या त्या दुमजली इमारतीत मी लग्न होऊन आले त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं माझ्या घरात तांब्यातलं पाणी दिवसभर थरथरत होतं. ठाण्याची नणंद आली की विचारायची, "वहिनी, हे सारखं खटखट काय वाजतंय गं?" आणि मी अगदी मनापासून विचारायचे, "कुठं काय वाजतंय?"

माझी नात हल्ली नव्या घरासाठी फोनवर घरांचे फोटो बघत बसते. लोकांचे दिवाणखाने, लोकांचे पडदे, लोकांच्या कुंड्या. "आजी, हा कोपरा बघ ना," म्हणते. मी चष्मा लावून बघते आणि मला आमच्या शेजारच्या बाई आठवतात. त्यांना फोटो लागत नसत. आणि खरं सांगायचं तर मलाही लागत नसत. मला त्यांचं घर पुरत होतं. त्यांच्याकडे बघायचं, जळायचं, आणि घरी येऊन तसंच करायला जायचं, हा माझा तेव्हाचा उद्योग.

आमची दारं एका गॅलरीत, लागून. दोघींच्या दोन-दोन खोल्या, दोघींच्या मागच्या भिंतीला तीच लूमची शेड. म्हणजे देवाने आणि घरमालकाने आम्हाला अगदी सारखं दिलं होतं. तरी त्यांच्या घरात शिरलं की माणूस "हुश्श" म्हणून बसायचा आणि माझ्या घरात शिरलं की "बसत नाही हं, घाई आहे," म्हणायचा. हे मला बारा वर्षांत कोणी तोंडावर सांगितलं नाही. मीच मोजत होते.

बाई उंच, सडसडीत, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मूलबाळ नव्हतं. यजमान तालुक्याच्या कचेरीत कारकून, गरीब स्वभावाचे. कोणाच्या घरी गेल्या की बाई माणसांआधी भिंतींकडे बघत. साडी कोणती, बांगड्या कोणत्या, इकडे त्यांचं लक्ष नसे. एकदा माझ्याकडे आल्या, पाटावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे ऊन कुठवर येतं हो?" मी म्हटलं, "कुठवर म्हणजे? येतं आपलं." त्या म्हणाल्या, "नाही, ते येऊन थांबतं कुठं?" मला वाटलं, माझं घर अंधारं आहे असं सुचवतायत. त्या दिवशी मी त्यांच्या चहात आलं घातलं नाही.

त्यांची सगळ्यात विचित्र तऱ्हा म्हणजे कागद. घरात एखादी वस्तू आणायची असली की आधी तिचा कागद येई. रद्दीतली वर्तमानपत्रं खळीने चिकटवून त्या वस्तूच्या मापाचा तुकडा करायचा आणि ती जिथे ठेवायची तिथे जमिनीवर पसरायचा. आठ दिवस तो तिथेच. त्या आठ दिवसांत तो कागद नसे, तो पलंग असे किंवा कपाट असे. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याला वळसा घालायचा.

"अहो, तिथून नका येऊ, तिथं पलंग आहे," असं त्या दाराशी आलेल्या दूधवाल्यालाही सांगत. तो बिचारा भिंतीला चिकटून आत यायचा. त्यांचे यजमान संध्याकाळी कचेरीतून आले की उंबऱ्यावर उभे राहून विचारत, "आज मी कुठून यायचं?" एकदा तर मी माझ्या कानांनी ऐकलं. ते खोलीच्या मधोमध उभे होते आणि अगदी गंभीरपणे विचारत होते, "मी आत्ता कपाटात उभा आहे का?"

"एक पाय आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो पाय काढून घेतला.

मी एकदा विचारलं, "वहिनी, टेप घेऊन मापं घेतलीत तर नाही चालणार?" त्या म्हणाल्या, "टेपला काय कळतंय? घर डोळ्यांना कळत नाही, गुडघ्यांना कळतं." मधोमध एक टीपॉय ठेवायचं त्यांच्या मनात होतं. आठव्या दिवशी त्यांनी तो कागद उचलला. "सहा वेळा त्याच्यावरून चालले मी. लाकडाचा असता तर नडगी फुटली असती." संपला टीपॉय.

मी गॅलरीत चार जणींत या कागदाची नक्कल करून हसवत असे. पदर खोचून, लांब पाय टाकत, "अगंबाई, हा तुमचा सोफा वाटतं." आणि त्याच आठवड्यात, दार लावून घेऊन, मीही घरात एक कागद पसरला. आमच्या ह्यांनी तो संध्याकाळी उचलला, खुर्चीत बसून वाचायला लागले आणि म्हणाले, "हा परवाचा आहे. आणि ह्याला खळ कोणी लावली?" माझी प्रेरणा तिथे संपली.

प्रेरणेचंच सांगायचं तर ती त्यांना कुठे मिळेल याचा नेम नसे. नाक्यावर एक चहाचं हॉटेल होतं, लूमची शिफ्ट सुटली की कामगारांनी भरून जाणारं. आमच्यातली एकही बाई त्याची पायरी चढत नसे. ह्या चढल्या. आत जाऊन मालकाला म्हणाल्या, "ये दीवार का रंग कौनसा है?" तो घाबरून उठलाच. "बहनजी, पुराना है. चूना, थोडा हरा, थोडा नील... कौन याद रखता है." बाईंनी नखाने भिंतीचा पोपडा काढला, रुमालाच्या टोकाला गाठ मारून घरी आणला आणि पुढचे आठ दिवस बादलीत चुना कालवून तो रंग जुळवत बसल्या. त्यांचं स्वयंपाकघर असं झालं, की वैशाखात त्यात शिरलं की मानेवरचा घाम सुकल्यासारखा वाटे.

मी तीच बादली मागून आणली. तोच रंग, तोच कुंचला, उरलेला चुनासुद्धा त्यांचाच. माझं स्वयंपाकघर सरकारी दवाखान्यासारखं दिसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "इथं केसपेपर कुठं काढायचा?" पुढे कळलं की त्यांच्या ओट्यावर सकाळचं ऊन येई आणि माझ्या ओट्यावर समोरच्या इमारतीच्या पत्र्याची सावली. त्या विचारत होत्या ना, ऊन कुठवर येतं म्हणून. पण मी तर त्यांच्या चहातलं आलं वाचवण्यात गुंतले होते.

एकदा दोन्ही घरं मिळून एसटीने गणेशपुरीला गेलो. दर्शन झालं, कुंडात पाय बुडवून झाले. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून पाय मोकळे करायला निघालो, तर बाई दिसेनात. शोधत गेलो तर एका कुडाच्या घरात जमिनीवर बसलेल्या, आणि घरची शेतकरीण दारात उभी राहून त्यांच्याकडे बघतेय.

"काय बघताय बाय? आमच्याकडं बघन्यासारखं काय हाय?"

"ही खिडकी इतकी खाली का हो?"

"मग कुठं पायजे? बसल्यावर शेत दिसलं पायजे. उभ्यानं कोन बघत बसतंय? उभं असताना कामं न्हायत का?"

बाई परतीच्या वाटेवर एसटीत खाली सरकून खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातलं सगळं खाली उतरलं. घड्याळ, आरसा, देवाची तसबीर, कॅलेंडर, सगळं बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्या माणसाला किती वाजले ते बघायला ओणवं व्हावं लागे. यजमान भांग पाडायला मांडी घालून बसत. मी म्हटलं, "वहिनी, हे काय?" त्या म्हणाल्या, "मला घड्याळ बघायला वेळ मिळतो तोच मुळी खाली बसल्यावर."

हे मी नेहमीप्रमाणे गॅलरीत रंगवून सांगितलं. सगळ्या हसल्या. एकटी माझी मुलगी हसली नाही. मीनू तेव्हा आठ वर्षांची होती. ती म्हणाली, "मला आरशात सगळी मी दिसते तिथं. आपल्याकडे नुसतं कपाळ दिसतं."

आता खऱ्या दुखण्यावर येते. मीनू शाळेतून आली की दप्तर घेऊन शेजारी जायची. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज. मी म्हणायचे, "घरी जागा नाही का अभ्यासाला?" ती म्हणायची, "आहे ना," आणि चपला सरकवून जायची. काही तक्रार नाही, रुसवा नाही. त्यानेच जास्त झोंबायचं. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ होती. मला तिचे पाढे इकडे ऐकू यायचे. मी इकडे भाकऱ्या थापत मनात चुका शोधायचे, आणि पलीकडून बाईंचा आवाज यायचा, "आठ सत्ते पुन्हा म्हण." माझ्या पोरीच्या चुकासुद्धा दुसरी कोणीतरी काढतेय, असं मला वाटायचं.

बाईंना बोलावून सांगावं, तर काय सांगणार? माझ्या मुलीला तुमचं घर आवडतं, ते आवडणं बंद करा? त्यापेक्षा मी ठरवलं, आपलं घर असं करायचं की पोरीचा पाय निघणार नाही.

अशात मला तो खिडकीखालचा कागद दिसला. त्यांच्या गॅलरीकडच्या खिडकीखाली, दोन हात लांब आणि हातभर रुंद. मीनू त्याच्या कडेला मांडी घालून बसायची आणि तिची वह्यापुस्तकं त्या कागदावर पसरलेली असायची. मी म्हटलं, "इथं काय येणार आहे?" बाई म्हणाल्या, "बघू. अजून ठरलं नाही."

ठरलं नाही. ज्या बाईचा पलंग आठ दिवसांत ठरला तिचं हे ठरत नाही म्हणजे काहीतरी मोठंच असणार. आठ दिवस गेले, महिना गेला, सहा महिने गेले. कागदाच्या कडा वळल्या की त्या नवा कागद घालत, पण माप तेच. त्या पाणी भरायला खाली गेल्या असताना मी एकदा वितीने मोजूनही आले. रंगीत टीव्हीचं कपाट. दुसरं काही असूच शकत नाही. अख्ख्या इमारतीत तेव्हा दोनच टीव्ही होते, दोन्ही काळे-पांढरे. रंगीत टीव्ही आला की मीनू जेवायलाही घरी येणार नाही, हे मला स्पष्ट दिसू लागलं. दोन वर्षं मी त्या न आलेल्या टीव्हीवर जळत होते.

आणि मग नणंदेने ठाण्याला नवा ब्लॉक घेतला. तिच्या दिवाणखान्यात भिंतभर शोकेस, आत काचेच्या वस्तू, वर छोटा दिवा. मी तिथेच निश्चय केला. आमच्या मागच्या भिंतीवर हेच. शेजारच्या बाईंनी आपली मागची भिंत अगदी मोकळी सोडली होती. नुसती एक गादी आणि लोड, त्याला पाठ लावून यजमान बसत. म्हणत, "कंबरेला बरं पडतं." मी म्हटलं, बाईंना ह्या भिंतीचं काही सुचलेलं नाही. इथेच त्यांना गाठायचं.

पेले, मोर आणि बदकं मी ठाण्याहून मांडीवर घेऊन आले. कशेळीच्या पुलाआधी ट्रकांच्या रांगेत आमची एसटी तासभर अडकली, पुढे खड्डे असे की डोकं टपाला लागत होतं. पण एका बदकाला ओरखडा नाही. मी स्वतःवर खूश होते.

सुतार उत्तरेकडचा, म्हातारा. त्याने भिंतीवर हात ठेवला. "भाभी, पीछे लूम है ना?"

"है. तुम कील मोठा मारो."

"कील तो नहीं हिलेगा. शीशे का मैं नहीं बोल सकता."

मला तो शेजारच्या बाईंच्या पक्षातला वाटला.

दिवस मी शुक्रवार निवडला होता. चैत्रातलं हळदीकुंकू. आमच्याकडे चैत्रगौरीपुढे आरास मांडायची आणि बायकांनी घरोघरी जाऊन एकमेकींची आरास बघायची, ही पद्धत. दरवर्षी बाजी मारून जायच्या शेजारच्या बाई. आदल्या वर्षी त्यांनी काही म्हणता काही केलं नव्हतं. जमिनीवर पानांसकट कैऱ्यांचा ढीग, ओल्या फडक्यातला माठ आणि मागे गौर. बायका तिथे टेकल्या त्या तासभर उठल्या नाहीत. माझ्याकडे झुरमुळ्या, करंज्यांचे डोंगर आणि विजेची माळ होती, तर माझ्याकडे उभ्या उभ्या डाळ घेऊन गेल्या.

ह्या वर्षी त्या सकाळीच सुताराने शोकेस ठोकून दिलं, मी पेले मांडले आणि गौर त्याच्या बरोबर खाली बसवली. बायका आल्या आणि थांबल्या. कोणी मोराला हात लावला, कोणी दिवा लावून बघितला. मी पन्हं दिलं ते स्टीलच्या पेल्यांतून. काचेचे पेले बघायचे होते, प्यायचे नव्हते. मीनूनेही त्या दिवशी दप्तर घरीच ठेवलं आणि बदकांची तोंडं एकमेकांकडे करून ठेवली. बारा वर्षांतला माझा सगळ्यात चांगला दिवस.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. शुक्रवारी लूमला सुट्टी असते. भिंत गप्प होती.

म्हणजे, एकीच्या आलं लक्षात. शेजारच्या बाई शेवटी आल्या. कुंकू लावून घेतलं, खाली बसल्या, शोकेसकडे बघितलं आणि सुताराने ठेवला होता तसाच भिंतीवर तळवा ठेवला. म्हणाल्या, "छान झालंय. पेले तेवढे झोपताना खाली काढून ठेवा."

जळली, असं मी मनात म्हटलं. शेवटी एकदाची जळली. मी त्यांना जास्तीची डाळ वाढली, आनंदाने.

आरास रात्रीच आवरून मी गौर देव्हाऱ्यात ठेवली होती. शनिवारी सकाळी सात वाजता लूम सुरू झाले. मी चहा टाकत होते. आधी नुसती किणकिण आली, गोड, देवळातल्यासारखी. मी बाहेर आले तर पेले चालत होते. सहाच्या सहा, रांगेने, काचेच्या दाराकडे. बदकं त्यांच्या मागे. ते बघायला मजा वाटत होती, म्हणून मी दोन क्षण बघत राहिले हे आता सांगते. मग वरची फळी तिच्या खुंट्यांवरून सरकली आणि खालच्या फळीवर बसली, आणि खालची जमिनीवर. खिळे जागचे हलले नाहीत. सुतार खोटं बोलला नव्हता.

हे बाहेरून धावत आले. सासूबाई म्हणाल्या, "हलू नका कोणी." मीनू दारात उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, ओरडेल, हसेल. ती म्हणाली, "आई, मोर पण?" एवढंच.

पाच मिनिटांत शेजारच्या बाई आल्या. हातात सुपली, आणि कणकेचा ओला गोळा. मोठे तुकडे सुपलीत भरले आणि मग खाली बसून फरशीवर कणकेचा गोळा दाबत बारीक कण उचलायला लागल्या. भिंत धडधडत होती. मला ती बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकू येत होती.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"सांगितलं होतं की पेले काढा म्हणून."

"नीट सांगायचं होतं."

"नीट सांगितलं असतं तर तुम्ही आणखी सहा आणून ठेवले असते."

हे इतकं खरं होतं की मला रडू फुटलं. रडता रडता दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं. म्हटलं, "तुमचं काय जातंय बोलायला. माझी पोर तुमच्याकडे असते. मी इथं एकटी भाकऱ्या थापते. आता तुमचा तो रंगीत टीव्ही आला की संपलंच. आणा एकदाचा, जीव टांगणीला लावून ठेवलाय नुसता."

"कसला टीव्ही?" त्यांनी विचारलं.

"खिडकीखालचा. दोन वर्षं कागद घालून ठेवलाय तो."

बाईंनी कणकेचा गोळा सुपलीत ठेवला. हात पदराला पुसले. दाराकडे बघितलं, मीनू तिथे नव्हती, केरसुणी आणायला आत गेली होती. मग त्या आवाज खाली करून, मला आजही जशीच्या तशी आठवतात ती वाक्यं बोलल्या.

"तिथं टीव्ही नाही यायचा, ताई. ते तुमच्या मीनूचं अभ्यासाचं टेबल आहे. सुताराला मुद्दामच सांगितलं नाही. लाकडाचं केलं असतं तर मला ते माझंच वाटायला लागलं असतं. कागदाचं असलं म्हणजे तुम्ही तिला हाक मारलीत, की घडी घालून ठेवता येतं."